इनागाकींचा घरजावई

हामामात्सु, २४ जानेवारी १९६१

इनागाकी कियोहारू यास,

पत्राच्या सुरुवातीला ऋतूबद्दल चार ओळी लिहायची रीत आहे. तर वारा आहे. पश्चिमेचा, कोरडा, दातांत वाळू आणणारा, दरवर्षीचाच. रीत संपली.

मी तुला लिहितो आहे हे योरिएला माहीत नाही. तिनं तुझा पत्ता द्यायला नकार दिला, म्हणून तो मी तोफूवाल्या कुमेकिचीकडून मिळवला. त्याचा पुतण्या तुझ्या नव्या मालकांकडे पॅकिंग खात्यात आहे. माझी मुलगी या घरात, आणि जावयाचा हॉलंडमधला पत्ता मला तोफू विकणारा सांगतो! कुमेकिचीनं तो सगळ्या आळीसमोर मोठ्यानं वाचला आणि वर म्हणाला, "म्हण खरी ठरली की रे, घरजावई!" मी जावई म्हणून इनागाकींच्या घरी दत्तक येऊन, त्यांचं आडनाव लावून एकतीस वर्षं झाली, सासरा गेला, बायको गेली, माझे केस गेले, तरी तो मला घरजावईच म्हणतो. म्हण तुलाही ठाऊक आहे: आपल्या घरात तीन मापं कोंडा जरी असला तरी घरजावई होऊ नये.

तू गेलास याचं मला आश्चर्य वाटलं नाही. राग आला. तुला घरात घेताना अट एकच होती. घराचा वारस शर्यतीत उतरणार नाही. गाडीची चाचणी घे, इंजिन खोल, रात्रंदिवस तेलात लोळ, पण नंबर पाठीवर लावायचा नाही. तू वाकून "हो" म्हणालास. दोन वर्षं पाळलंसही. मग त्या मोठ्या कारखान्याच्या लोकांनी युरोपात शर्यती खेळायला बोलावलं आणि सप्टेंबरात तू बॅग उचललीस.

कारखाना उत्तम चालला आहे. तिसरी शेड बंद ठेवली आहे, कारण ती हिवाळ्यात गरम होत नाही. ओतशाळेतले तिघं सोडून गेले, पण ते तसेही उशिरा यायचे. आपल्या त्सुगुमी १२५ मोटरसायकलला ओसाकाकडून मागणी येईल असं एजंट म्हणतो. तो गेल्या वर्षीही म्हणाला होता. तुला आठवत नसेल, पण युद्धानंतर या शहरात गल्लोगल्ली मोटरसायकली बनत होत्या. आम्हीही त्यातलेच. इनागाकींचं घर मागाचे धोटे बनवणारं. सूत नाही तर माग नाही, माग नाही तर धोटे कोण घेणार? मी एका मोडक्या आगबंबाचं इंजिन सायकलला बांधलं. पेट्रोल मिळत नव्हतं, पाइनच्या मुळांचं तेल घालायचो, धूर असा की पोरं मागून खोकत पळायची. तिसरी गाडी कुमेकिचीनं घेतली आणि महिनाभर गिऱ्हाइकांना तोफूचा चुरा विकला. तेव्हाच्या त्या कारखान्यांतले आता हाताच्या बोटांवर मोजावे इतके उरलेत. त्यात आपण आहोत. पुढच्या वर्षी असू की नाही, ते तुझ्यावर आहे. सुटे भाग देणारे मला तोंडावर विचारतात, "तुमच्यामागं कोण?" मी म्हणतो, जावई युरोपात शिकायला गेलाय.

योरिए ठीक आहे. हल्ली दुपारी झोपते, जी कधी झोपत नसे. संत्री फार खाते. याहून जास्त लिहायचं नाही. तुला पत्रच लिहिणार नाही असं वचन मी तिला दिलं होतं. ते मोडलंच आहे, उरलेलं तरी पाळतो.

इनागाकी त्सुनेझो


२ मार्च १९६१

इनागाकी कियोहारू यास,

अंगणातल्या उमेच्या झाडाची फुलं गळाली. मुलगा झाला.

बाळ-बाळंतीण दोघंही बरी आहेत. नाव वातारु. नाव तिनंच ठेवलं, मला विचारलं नाही. डोकं मोठं आहे, आवाज त्याहून मोठा.

आता मला मोकळेपणानं लिहिता येतं. तू गेलास तेव्हा तिला दिवस गेले होते आणि ते तिला माहीत होतं. मला नोव्हेंबरात कळलं. तेव्हाच मी तार करायला निघालो होतो. ती दारात आडवी उभी राहिली. म्हणाली, "बाबा, मूल आहे म्हणून आलेला नवरा मला नकोय. मी आहे म्हणून येणार असेल तर येईल." मी म्हणालो, असले विचार पोटाला तडस लागेल इतकं जेवून सुचतात. ती म्हणाली, "हो, दोघांचं जेवते ना."

पण आता मूल पोटात नाही, घरात आहे, आणि घराचा प्रमुख मी आहे. म्हणून लिहितो.

लाल चवळीचा भात आळीत वाटला, त्याच संध्याकाळी पतंगमंडळी दारात हजर. कुमेकिची पुढे, मागे दहा-बाराजण, सगळे आधीच थोडे प्यालेले. "घरजावई, पहिला नातू! यंदा आळीचा पहिला पतंग तुमच्या घरचा!" मी साके काढली. काय करणार? पहिला मुलगा झाला की मे महिन्यात समुद्राकाठच्या वाळूवर त्याच्या नावाचा पतंग चढतो, कोपऱ्यात घराण्याचं चिन्ह, आणि रात्री सगळी आळी त्या घरी येऊन नाचते, अंगणाची माती करते. इथं जन्मलेल्या माणसाला हे चुकत नाही. आमच्या घरात असा पतंग माझ्या सासऱ्याच्या पहिल्या मुलाचा उडाला होता, आणि ते मूल तापानं गेलं. मग माझी बायको वाढली, मग योरिए. दोन्ही मुली. म्हणून मी आलो, म्हणून तू आलास. त्यानंतर आता पहिल्यांदा या घरात मुलगा जन्मला आहे. इनागाकींचं भाताच्या लोंबीचं चिन्ह पतंगावर चढणार आहे.

दोरी मुलाच्या बापाच्या हातात द्यायची असते. आजोबाच्या नाही. कुमेकिचीनं सगळ्यांसमोर विचारलं, "बाप येणार ना?" मी म्हणालो, येणार.

तेव्हा तीन मेच्या आत परत ये. त्या लोकांचा करार मोडावा लागेल तर मोड. मी विनंती करत नाही. बाप म्हणून आज्ञा करतो आहे.

इनागाकी त्सुनेझो


२५ मार्च १९६१

कियोहारू,

तुझं पत्र पोचलं. चार ओळींचं. "मुलाची बातमी वाचली. आपली आज्ञा शिरसावंद्य आहे. एप्रिलअखेर निघतो. करारातून सोडण्याबद्दल इथल्या साहेबांशी बोलतो."

मी आधी खूश झालो, हे लपवत नाही. पत्र घेऊन तसाच आत गेलो. योरिए बाळाला पाठीशी बांधून मुळा चिरत होती. मी वाचून दाखवलं. तिनं सुरी खाली ठेवली नाही. म्हणाली, "पुन्हा वाचा." मी वाचलं. मग म्हणाली, "बाबा, हे माझ्या नवऱ्याचं पत्र नाही. हे तुमच्या नोकराचं आहे."

मी चिडलो. म्हणालो, आज्ञाधारकपणा हा काय दोष झाला? तुझ्या आईशी लग्न केलं तेव्हा मीसुद्धा...

तिथं मी थांबलो, कारण ती माझ्याकडे बघत होती.

तू मला कधी विचारलं नाहीस, म्हणून सांगितलं नाही. मी या घरात आलो तेव्हा माझ्या डोक्यात इंजिनाशिवाय काही नव्हतं. नागोयात मी लष्कराच्या मोटारी दुरुस्त करत होतो. सासरेबुवा म्हणाले, "इनागाकींच्या घरात धोटे बनतात." मी वाकून "हो" म्हणालो. सासरे जिवंत होते तोवर मी धोटे तासले. ओकचं लाकूड, टोकाला पितळ, गुळगुळीत इतके की गालावरून फिरवावेत. वाईट काम नव्हतं. पण रस्त्यानं मोटार गेली की माझा रंधा आपोआप थांबायचा, आणि सासरे न बघता म्हणायचे, "गेली ती. चालू दे."

योरिएनं मग मला एक गोष्ट सांगितली. पहिल्या राखेच्या शर्यतीची. ज्वालामुखीच्या पायथ्याशी, रस्त्यावर खडी नाही, नुसती काळी राख, आणि देशभरचे लहानमोठे सगळे कारखाने आपापल्या गाड्या घेऊन आलेले. राख कार्ब्युरेटरमध्ये जाऊन इंजिनं बसत होती. तू तेव्हा वीस वर्षांचा, डोंगरातलं लाकडांचं काम सोडून नुकताच आमच्याकडे आलेला. तू आठवा आलास, लहान कारखान्यांत पहिला, आणि त्यानंतर दोन वर्षं त्सुगुमीला मागणी पुरवता येईना. माझी समजूत अशी की राख अडवायची जाळी मी बरोबर बसवली होती. परवा ती म्हणाली, "तुमच्या जाळीवर माझा रेशमी मोजा चढवला होता, बाबा. रात्री कियोहारूनं मागितला, मी दिला. तुम्ही पुढं महिनाभर मोजा कुठं गेला म्हणून ओरडत होतात." तुम्हा दोघांचं तिथून सुरू झालं असणार. मला वाटत होतं, लग्न मी ठरवलं.

आणि मग तिनं शेवटच्या राखेच्या शर्यतीची आठवण काढली. तिथं तू माझ्याशेजारी बसला होतास ना, वारस म्हणून, सूट घालून, उजव्या हातात घड्याळ. ती म्हणाली, "त्याचा डावा हात बघितलात का तुम्ही? प्रत्येक वळणाला गुडघ्यावर क्लच दाबत होता."

मी बघितला होता. मला वाटलं, थंडी असेल.

मी चुकलो असं मी म्हणत नाही. नियम बरोबर होता. एकाच्या मानेवर आख्खं घर असताना ती मान कोणी वळणावर टाकून देत नाही. पण तू "शिरसावंद्य" लिहिलंस आणि तेव्हापासून माझं जेवण नीट जात नाही. तो शब्द मी ओळखतो. मी तो एकतीस वर्षांपूर्वी वापरला होता.

तिकीट काढू नकोस. साहेबांशी बोलला असशील तर पुन्हा बोल. माझं पुढचं पत्र येईपर्यंत थांब.

त्सुनेझो


१७ एप्रिल १९६१

कियोहारू,

तुझ्या गावी जाऊन आलो. बस अर्धी चढली आणि पुढे बंद पडली. इंजिन कोणाचं ते सांगत नाही, आपलं नव्हतं. उरलेला रस्ता चाललो. नदीत लाकडाचे तराफे अजून सोडतात, पण धरण झाल्यापासून थोडेच.

तुझा थोरला भाऊ ताकेशिरो अंगणात करवतीला धार लावत होता. मला बघून उठला नाही. म्हणाला, "इनागाकीसाहेब, दिलेला माणूस बिघडला म्हणून परत करायला आलात काय? आम्ही दुकान नाही चालवत."

मी म्हणालो, "बिघडला नाही. पण परत करायला आलोय."

तेव्हा उठला. तुझ्या वहिनीनं चहा आणि कोन्याकुच्या वड्या आणल्या. मी त्याला सगळं सांगितलं. त्यानं करवत पुसून भिंतीला लावली. मग म्हणाला, "तो लहानपणी ओंडक्यावर उभा राहून नदीच्या लोंढ्यात उतरायचा. आई काठानं ओरडत पळायची. तिला मी म्हणायचो, ओरडू नकोस, त्याचं लक्ष जाईल." आणि माझ्या कपात पुन्हा चहा ओतला. मी त्याच्याकडून तुमच्या नोझुए घराण्याचं चिन्ह कागदावर उतरवून घेतलं. ससाण्याची दोन पिसं, एकमेकांवर तिरपी. डावं पीस वर की उजवं, यावर वहिनी आणि तो भांडले. वहिनी बरोबर निघाली, देव्हाऱ्यात बघितलं.

आता नीट वाच. सोबत दत्तकपण मोडायचा कागद आहे. मी माझा शिक्का मारला आहे. तुझा मारून परत पाठव. लग्न मोडत नाही, ते मी कारकुनाकडून दोनदा खात्री करून घेतलं. तू पुन्हा नोझुए होशील आणि योरिए व मूल तुझ्या नावावर येतील. तरुण कारकून मला म्हणाला, "आजोबा, हे सहसा लोक भांडण झाल्यावर करतात." मी म्हणालो, "भांडण झालंच आहे. आता मिटवतोय." त्याला काही कळलं नाही.

योरिएला मी आधी विचारलं. कागद तिच्यापुढे ठेवला आणि म्हणालो, तुझं आडनाव जाईल. ती म्हणाली, "आणि तुमचं?" मी म्हणालो, माझ्यापाशीच राहील आणि माझ्याबरोबर संपेल. मीही ते उसनंच आणलं होतं. मग ती रडली. तिची आई गेली तेव्हा रडली नव्हती तितकी रडली, आणि ते बघून वातारु रडायला लागला, आणि मी कारखान्यात निघून गेलो.

कारखान्याचंही खरं सांगतो. ओसाकाची मागणी येणार नाही. त्सुगुमी या वर्षअखेर बंद. पुढं शेतातल्या पंपांची इंजिनं बनवू, जेवढी माणसं उरलीत तेवढ्यांना पुरेल. मला वाटत होतं, तू आलास तर त्सुगुमी वाचेल. योरिए म्हणते, तू आला असतास तर तिच्याबरोबर तूही बुडाला असतास. तिचं खरं असावं. मोठ्यांसमोर आता लहानांचा निभाव नाही. त्यात कोणाचा दोष नाही. ते चांगल्या गाड्या बनवतात. इंजिन खोलून बघितलं मी, शिकण्यासारखं आहे.

तू वारस नाहीस, तेव्हा तुला कसली अटही नाही. पतंगासाठी येऊ नकोस. गाडी चालव.

त्सुनेझो


६ मे १९६१

नोझुए कियोहारू यांस,

उन्हाळा सुरू झाला, वारा दक्षिणेकडे वळला. तुमचा शिक्का मारलेला कागद एप्रिलच्या शेवटच्या दिवशी पोचला आणि त्याच दिवशी मी तो कचेरीत दिला. आता तुम्ही माझे दत्तकपुत्र नाही, तेव्हा 'तू' लिहिणं शिष्टाचाराला सोडून होईल. पण "तुम्ही" लिहायला हात वळत नाही. पुढे 'तू'च लिहितो. राग मानू नकोस.

पतंगाची हकीकत अशी. चौकट बांबूची, दोन माणसांनी उचलावी इतकी मोठी. पतंगवाल्याला मी पिसांचं चिन्ह दिलं आणि कोणाला सांगू नकोस म्हणालो. त्यानं बायकोलाही सांगितलं नसावं, कारण तीन तारखेला वाळूवर पतंग उलगडला तेव्हा सगळी आळी वाकून चिन्ह बघायला लागली. तुतारीवाल्याची फुंकसुद्धा अर्ध्यात अडकली. मग कुमेकिची ओरडला, "अरे, त्या पतंगवाल्यानं घोळ घातला! हे चिन्ह कोणाच्या घरचं?"

"नोझुएंच्या."

"कोण नोझुए?"

"माझा नातू. नोझुए वातारु."

"म्हणजे तू... घरजावई, तू घर मोडलंस?"

"मोडलं."

सगळे माझ्याकडे बघत होते. मला वाटलं, आता हसतील. मग हा माणूस, ज्यानं एकतीस वर्षं माझी पाठ सोडली नाही, त्यानं कमरेचा पट्टा आवळला आणि पोरांवर खेकसला, "बघताय काय? नाव वातारुचंच आहे ना? पतंग आळीचा आहे ना? चला, बघूया करून!" आणि तुतारी वाजली.

दोरी कोणाच्या हातात द्यायची, हा प्रश्न होताच. बाप नाही आणि मी आता परका. कुमेकिचीनं योरिएकडे बघितलं. बायकांच्या हाती दोरी देत नाहीत. तिनं वातारुला माझ्या हातात दिलं, किमोनोच्या बाह्या बांधल्या आणि दोरी धरली. म्हातारे कुरकुरले. पतंग चढला. शेजारच्या आळीनं काटायला दोरी आणली, घासाघास झाली, धूर निघाला, आमची टिकली. रात्री सगळे घरी आले, अंगणाची माती झाली. कुमेकिची जाताना दारात डगमगत म्हणाला, "तुझं मूळ आडनाव काय होतं रे?" मी सांगितलं. "बरं वाटतं ऐकायला," म्हणाला आणि पायरी चुकला.

स्पेनमधल्या तुझ्या शर्यतीची बातमी वर्तमानपत्रात दोन ओळींची होती. तिसऱ्या फेरीत थांबलास. पिस्टन जाम झाला असणार. तुझी खोड मला ठाऊक आहे, सरळ रस्ता आला की तू कमी तेलात इंजिन ताणतोस. जूनमध्ये त्या इंग्रजांच्या बेटावरच्या शर्यतीत चढावर सावली लागते म्हणतात. तिथं हवा गार असेल, तर इंजिनाला जरा जास्त पेट्रोल पाज. डावा हात क्लचवर ठेव. गुडघ्यावरच्या नाही, गाडीच्या. माझी मतं तिथल्या साहेबांना सांगू नकोस, ते हसतील.

या पाकिटात योरिएचंही पत्र आहे. तिचं तिनं लिहिलं. मी वाचलेलं नाही, उघडं होतं तरी.

आता माझं. तू घरात नाहीस हे मला रोज कळतं. जेवायला बसलो की तुझ्या जागेकडे लोणचं सरकवतो आणि मग परत ओढून घेतो. मला वाटायचं, मला वारस हवा आहे. वारस आता नाही आणि त्याचं दुःखही फारसं होत नाही. पण लोणचं अजून तिकडेच सरकतं. मला तुझी आठवण येते. हे मी कधी कोणाला लिहिलेलं नाही.

शर्यती संपल्या की, शरद ऋतूत, जमेल तेव्हा, या दोघांना बघायला ये. आणि त्यांना बघून झाल्यावर वेळ उरला तर मलाही. तुला आज्ञा करायचा मला हक्क राहिलेला नाही, म्हणून विनंती करतो. विनंती कशी करतात ते मला येत नव्हतं. ही वरची ओळ योरिएला विचारून लिहिली आहे.

त्सुनेझो